साखर मोजतो, झोप विचारत नाही

केनियाच्या ईशान्येला, सोमालियाच्या सीमेजवळ, दादाब नावाचा निर्वासित छावण्यांचा मोठा पसारा आहे. १९९१ मध्ये सोमालियात यादवी पेटली तेव्हापासून माणसं इथे येत राहिली. त्यातल्या दागाहाले छावणीत पारा दिवसा ३७ अंशांवर चढतो आणि रात्री २५ पर्यंत उतरतो. घरोघरी फ्रीज असण्याचा प्रश्नच नाही. इन्सुलिनच्या खोक्यावर तर ‘२ ते ८ अंश तापमानात ठेवावे’ असं छापलेलं. त्यामुळे रुग्णाला इन्सुलिन घरी न्यायला द्यायचंच नाही, असा तिथला शिरस्ता होता. एक इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात यायचं, घरी जायचं, दुसरं घ्यायला पुन्हा यायचं. आयुष्यभराचा आजार, म्हणजे हे चालणंही आयुष्यभराचं.

जिनीव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था या दोघांनी या शिरस्त्याचीच परीक्षा घेतली. दागाहालेत तापमान जसं वरखाली होतं, तसंच वरखाली करून त्यात त्यांनी इन्सुलिन चार आठवडे ठेवून पाहिलं. निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गारव्यात ठेवलेल्या इन्सुलिनच्या तुलनेत उष्णतेतल्या इन्सुलिनची ताकद फार तर १ टक्क्याने उतरली होती. म्हणजे बाटली रुग्णाच्या हाती देणं शक्य होतं.

हे संशोधन औषधशास्त्रातलं म्हणून गाजलं, पण माझ्या मते ते मनाच्या आरोग्याचंही आहे. रोज ठरावीक वेळी दवाखान्याच्या दारात उभं राहावं लागणाऱ्या माणसाला मजुरीचं काम धरता येत नाही, तापाने फणफणलेलं मूल घरी टाकून निघता येत नाही, नात्यातल्या लग्नाला दुसऱ्या छावणीत दोन दिवस जाता येत नाही. घर, शेत, गणगोत लढाईने आधीच हिरावून घेतलं. उरलेला दिवस आजाराने घेतला. अशा माणसाला ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, ‘साखर किती आली?’

मधुमेह आणि उदासी यांचं नातं वैद्यकाला नवं नाही. सतराव्या शतकातला इंग्लिश वैद्य थॉमस विलिस याने दीर्घ दुःख हे मधुमेहाचं एक कारण म्हणून लिहून ठेवलं होतं. मधुमेह्याच्या लघवीची गोडी युरोपात ठळकपणे नोंदवणारा तोच. आपल्याकडच्या वैद्यांनी ती त्याच्या कितीतरी आधी नोंदवली होती. पुढे इन्सुलिन सापडलं, रक्तातली साखर थेंबभर रक्तावर मोजता येऊ लागली आणि दुःखाचा मुद्दा मागे पडला. तो आकड्यांसह परत आला २००१ मध्ये. तोवरचे ४२ अभ्यास एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असतं. याला १८ वर्षं झाल्यावर, २०१९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गेल्या दहा वर्षांत युद्ध किंवा सशस्त्र संघर्ष पाहिलेल्या लोकसंख्येत कोणत्याही क्षणी सुमारे २२ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, असं त्यात म्हटलं होतं. पाच माणसांत एक.

हे दोन आकडे ज्या माणसात एकत्र येतात, त्याच्याविषयी हे प्रकरण आहे.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. धोका जाणवला की शरीर अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. पळायला किंवा लढायला ताकद हवी म्हणून यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. धोका टळला की हे ओसरतं. पण धोका टळतच नसेल, रात्री गाडीचा आवाज आला तरी छातीत धस्स होत असेल, तर कॉर्टिसॉल उतरायचं नाव घेत नाही. इन्सुलिनचं काम अवघड होतं, झोप मोडते, झोप मोडली की सकाळची साखर वर जाते. दुसऱ्या बाजूने नैराश्य माणसाच्या हातातली कामं काढून घेतं. गोळी समोर असते, पण उठून पाणी घ्यावंसं वाटत नाही. पायाला जखम झालेली दिसते, पण ती धुवावीशी वाटत नाही. आणि वाढलेली साखर स्वतःच थकवा आणते, चिडचिड आणते, पाय जाळते. एका आजाराने दुसऱ्याला पोसायचं हे चक्र शांततेच्या काळातही फिरतं. संघर्षाच्या प्रदेशात ते थांबवायला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट, म्हणजे चालणं, ताजी भाजी, वेळेवर जेवण, शांत झोप, ओळखीचा डॉक्टर, हाताशी राहिलेली नसते.

काश्मीर खोऱ्याचं उदाहरण घेऊ. ते आपल्याच देशातलं आहे आणि तिथे मनाच्या दुखण्याची मोजदाद झालेली आहे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने काश्मीर विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि श्रीनगरची मानसिक आरोग्य संस्था यांच्याबरोबर २०१५ मध्ये खोऱ्यातल्या दहाही जिल्ह्यांत पाहणी केली. ४५ टक्के प्रौढांमध्ये, म्हणजे सुमारे १८ लाख माणसांमध्ये, मानसिक त्रासाची ठळक लक्षणं आढळली. नैराश्याची लक्षणं ४१ टक्क्यांत होती, चिंताविकाराची २६ टक्क्यांत, आणि आघातानंतरच्या ताणविकाराची १९ टक्क्यांत. स्त्रियांमधलं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. मन हादरवणारे प्रसंग एका प्रौढाने आयुष्यात सरासरी ७.७ वेळा पाहिले किंवा भोगले होते.

मधुमेहाची गोष्ट खोऱ्यात याआधीच सुरू झाली होती. सौरा इथल्या शेर-ए-काश्मीर संस्थेतल्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आजार माहीत असलेल्या मधुमेह्यांपेक्षा माहीतच नसलेले दुपटीहून जास्त निघाले होते. म्हणजे दहशतीच्या पहिल्या दशकात असंख्य माणसं थकवा, जडपणा, रात्रीचं उठणं हे सगळं ‘हालातच असे आहेत’ म्हणून सोसत होती आणि त्यातल्या काहींच्या रक्तात साखर वाढत होती. उलटंही खरं असणार. साखरेचा म्हणून सांगितलेला थकवा कित्येकांच्या बाबतीत मनाचा असणार.

डॉक्टरांचा पहिला सल्ला जगभर एकच असतो, रोज अर्धा तास चाला. २०१६ च्या उन्हाळ्यात खोऱ्यात महिनोन्‌महिने संचारबंदी आणि हरताळ यांच्या पाळ्या लागल्या होत्या. तेव्हा चालायचं कुठे? अंगणात? ज्याला अंगण नाही त्याने? दुसरा सल्ला आहाराचा. खोऱ्यात दोन्ही वेळेला भात लागतो. सकाळी आणि दुपारी मिठाची गुलाबी नून चाय, सोबत कांदुरच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, भट्टीतली मैद्याची रोटी. ताजा हाक (पालेभाजी), मुळा, नदरू (कमळाचा देठ) बाजारात असेल तर ताट बरं भरतं. बाजार बंद पडला की उरतो तांदूळ आणि हिवाळ्यासाठी वाळवून ठेवलेली भाजी. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, हाडं गोठवणारी थंडी. त्या दिवसांत तर घरात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसण्यावाचून गत्यंतर नसतं. बसलेलं शरीर आणि बसलेलं मन एकमेकांना अधिकच खाली ओढतात.

५ ऑगस्ट २०१९ ला खोऱ्यातले मोबाइल, लँडलाइन आणि इंटरनेट बंद झालं. लँडलाइन हळूहळू परतली. पोस्टपेड मोबाइलवर बोलता येऊ लागलं १४ ऑक्टोबरला, आणि फोर-जी इंटरनेट यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. राजकारणाचा वाद बाजूला ठेवून इन्सुलिन घेणाऱ्या बाईच्या घरात डोकावून पाहा. तिची साखर अचानक उतरली, अंगाला घाम फुटला, जीभ अडखळू लागली. रुग्णवाहिकेला फोन लागत नाही. शेजाऱ्याची गाडी मिळवायची, नाक्यानाक्यावर चिठ्ठी दाखवायची. ती वाचते. पण दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन घ्यायला तिचा हात धजत नाही, कारण साखर वाढलेली चालेल, पुन्हा तशी उतरायला नको. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ११ येतो आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘औषध नियमित घेत नाही.’

हा शेरा मला या सगळ्या विषयातला सर्वांत अन्यायाचा भाग वाटतो. त्यात माणसाचा निष्काळजीपणा गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात त्यामागे कधी भीती असते, कधी नैराश्य, आणि कधी सरळसरळ शहाणपण. गाझातल्या मधुमेह्याचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून वीज नाही, औषधाची शाश्वती नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर गाझा शहर आणि भोवतालच्या भागात दुष्काळ असल्याचं आंतरराष्ट्रीय यंत्रणेने अधिकृतपणे जाहीर केलं. जेवण मिळेल की नाही याचा भरवसा नसताना इन्सुलिन पूर्ण मात्रेत टोचणं जिवावर बेतू शकतं. तिथल्या माणसाने मात्रा कमी केली, तर त्याने हिशेब केलेला असतो. त्याला ‘ऐकत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरने आधी ‘काल काय खाल्लं?’ एवढं विचारायला हवं.

लक्षणांची सरमिसळ हा दुसरा पेच. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, काहीतरी भयंकर होणार असं वाटतं. ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत आणि भीतीच्या झटक्याचीही हीच आहेत. स्फोटाच्या आठवणीने रात्री दचकून उठलेला माणूस आणि रात्रीचं इन्सुलिन जास्त झालेला माणूस अंथरुणात सारखेच दिसतात. फरक सांगते ती बोटाला टोचून काढलेल्या थेंबाची तपासणी. घरात ग्लुकोमीटर असेल आणि त्याच्या पट्ट्या संपलेल्या नसतील, तरच. पट्टी नसेल तर माणूस खात्री म्हणून दोन चमचे साखर तोंडात टाकतो. झटका भीतीचा असेल तर त्या साखरेने आजार बिघडतो. काहींना मग झोपेच्या गोळीची सवय लागते. खोऱ्यात अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय घेण्याची सवय हा डॉक्टरांच्या काळजीचा जुना विषय आहे.

खोऱ्यातला रुग्ण मनाचं दुखणं शरीराच्या शब्दांत सांगतो. दिल घाबरतं, डोकं जड झालंय, हातापायांत जीव नाही. आपल्याकडेही ‘कसंतरीच होतंय’ याहून पुढे कितीजण जातात? मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी चढायची तर लोक बघतील, मुलीच्या लग्नाला अडचण येईल, ही भीती असते. त्यातून दर्ग्यावर, पीरबाबांकडे जाणं सोपं वाटतं. ज्यांचे नवरे बेपत्ता झाले आणि परतलेही नाहीत, मेल्याची खातरजमाही झाली नाही, त्या अर्धविधवांना तर शोक करायचीही मोकळीक नव्हती. शोक करायचा म्हणजे तो मेला हे मान्य करायचं. अशी बाई ‘मला उदास वाटतं’ म्हणून कुठे जाणार? साखरेच्या तपासणीला मात्र ती जाते. तिथे जायला लाज नाही, घरचेही अडवत नाहीत. मनापर्यंत पोचायचं दार साखरेच्या ओपीडीतच उघडं आहे, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो आहोत, असं मी म्हणतो ते यासाठी.

या दारातून आत जायला महागडं यंत्र लागत नाही. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं, उदास किंवा निराश किती दिवस वाटलं, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि शेवटी, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण १० किंवा जास्त आले तर पुढे नीट विचारपूस करायची. मधुमेह्यांच्या बाबतीत यात एक मेख आहे. झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न साखर बिघडली तरी ‘हो’ येतात. म्हणून अनुभवी डॉक्टर पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांकडे अधिक लक्ष देतात. माणसाला आवडती गोष्टही आवडेनाशी झाली असेल, नातवंड मांडीवर आलं तरी बरं वाटत नसेल, तर ते केवळ साखरेचं काम नसतं. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावं लागतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याचा थकवा हुबेहूब नैराश्यासारखा भासतो.

नववा प्रश्न कधीच गाळायचा नाही. विचारल्याने असा विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. ज्याच्या घरात इन्सुलिन आहे त्याला तो विचारणं अधिकच गरजेचं, आणि उत्तर ‘हो’ आलं तर औषध काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवायला सांगणंही.

मग उपचार करणार कोण? युद्धाच्या प्रदेशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. याचं उत्तर दोन ठिकाणांहून मिळालं, आणि त्यातलं एक आपल्या शेजारचं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था उभी केली. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये त्यांनी साध्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवलं. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी हे समुपदेशक सहा ते आठ भेटींत बोलत. भर होता हळूहळू कामाला लागण्यावर. एखादी छोटी, आवडीची किंवा गरजेची गोष्ट ठरवायची, ती करायची, पुढच्या भेटीत कसं वाटलं ते सांगायचं. सुमारे ५०० रुग्णांवरचा हा प्रयोग ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. ज्या गोव्यात पुढे, २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत, मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं, तिथेच ही पद्धत घडली हा योगायोग मला विचार करायला लावतो.

दुसरं ठिकाण पेशावर. अतिरेकी हल्ले आणि लष्करी कारवाया यांनी पिंजलेल्या त्या शहरात जागतिक आरोग्य संघटनेची पाच भेटींची पद्धत स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांकरवी तपासली गेली. ताण आल्यावर श्वास सावकाश कसा करायचा, सुटण्याजोगी अडचण सुट्या तुकड्यांत कशी हाताळायची, बंद झालेली कामं परत कशी सुरू करायची, कोणाची मदत मागायची, एवढ्यावर सारा भर. २०१६ मध्ये निकाल आला तेव्हा चिंता आणि नैराश्य दोन्ही कमी झालेली दिसली. बाहेरचा हिंसाचार मात्र थांबलेला नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शांतता येईल तेव्हा मनाचं बघू, असं म्हणणाऱ्यांना पेशावरने उत्तर दिलं आहे.

दोन्ही आजार एकाच टेबलावर हाताळले तर काय होतं, हेही भारतातच तपासलं गेलं. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार मधुमेह केंद्रांतल्या ४०४ रुग्णांना मधुमेह आणि नैराश्य दोन्ही होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या दिमतीला एक काळजीवाहू समन्वयक दिला. तो फोन करायचा, भेटायचा, औषधाची आणि मनाची दोन्हींची चौकशी करायचा आणि तज्ज्ञांच्या बैठकीत प्रत्येकाची फाइल मांडायचा. २०२० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निकालानुसार दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने उतरलं आणि सोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी सुधारलं, अशांचं प्रमाण या गटात ७१.६ टक्के होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ते ५७.४ टक्के होतं. ही शहरं संघर्षग्रस्त नव्हेत, हे खरं. पण समन्वयकाचं काम करायला तज्ज्ञ लागत नाही, आणि आशा कार्यकर्ती काश्मीरच्या कुपवाड्यातही आहे.

औषधांची निवड मात्र जाणत्या डॉक्टरनेच करावी. नैराश्यावरची काही औषधं वजन आणि साखर वाढवतात, काहींनी साखर थोडी उतरते आणि इन्सुलिनची मात्रा पुन्हा बसवावी लागते. मदतीच्या खोक्यातून आलेली कुठलीही गोळी कुणालाही दिली, असं इथे चालत नाही.

मदतीच्या खोक्यांबद्दल एक सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या दशकात दीर्घकालीन आजारांसाठी १०,००० लोकसंख्येला तीन महिने पुरेल असा आणीबाणीचा औषधसंच तयार केला. त्याआधी युद्धातली मदत म्हणजे जखमा, जुलाब आणि लसी एवढंच समजलं जाई. मधुमेही माणसाचा मृत्यू गोळीने होत नसल्यामुळे तो युद्धबळींच्या यादीत येत नसे. एवढी सुधारणा झाली. पुढची पायरी म्हणजे या संचाबरोबर दोन प्रश्न विचारायला शिकलेला एक माणूस पाठवणं. त्याला शीतपेटी लागत नाही.

तुमच्या घरात मधुमेहाची फाइल असेल, किंवा सीमेवरच्या गावातून, दंगलीतून, विस्थापनातून आलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर पुढच्या तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की गेले दोन आठवडे यांना कशातच रस वाटत नाही. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. डॉक्टरांपर्यंत पोचायला वेळ लागणार असेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक देशभर दिवसरात्र चालू असतो. तो फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.